अंगात दम असलेल्या कुत्र्यासाठी योग्य घर कसे शोधावे

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या एका ढाब्यामागे भिंगरी आम्हाला सापडली तेव्हा तिच्या गळ्यात नायलॉनची तुटकी दोरी रुतलेली होती आणि ती उठून उभीही राहत नव्हती. वय साधारण १४ महिने, लांब पाय, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट, निमुळते तोंड. तिच्यात कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्याचे रक्त आहे हे पाहताक्षणी कळत होते. चार दिवस पोटभर अन्न आणि औषध मिळाल्यावर तिने खोलीतल्या खोलीत स्वतःभोवती गिरक्या घ्यायला सुरुवात केली, म्हणून तिचे नाव भिंगरी पडले.

तिला मिळालेले पहिले घर नवव्या दिवशी मोडले. ती माणसे प्रेमळ होती, सदनिका ऐसपैस होती, तिच्यासाठी नवे अंथरूणही आणले होते. मात्र दोघेही सकाळी नऊला बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परतत. मी त्यांचे प्रेम पाहिले, घर पाहिले आणि दिवसाचे वेळापत्रक विचारायला विसरले. सोफा फाटला, शेजाऱ्यांनी भुंकण्याची तक्रार केली आणि भिंगरी पुन्हा माझ्या दारात आली. त्यानंतर मी जी पद्धत पाळत आले, तीच येथे सविस्तर मांडत आहे. ज्यांच्या घरी सध्या असा दमदार, न थकणारा कुत्रा तात्पुरत्या आसऱ्याला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीला: त्याला घराची गरज आहे का?

रस्त्यावर दिसलेल्या प्रत्येक कुत्र्याला दत्तक घराची गरज असतेच असे नाही. गल्लीत जन्मलेला, तिथल्या लोकांच्या ओळखीचा, खाऊनपिऊन असलेला कुत्रा उचलून चौथ्या मजल्यावर कोंडणे हा त्याच्यावर अन्यायही ठरू शकतो. अशा कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्यांना उचलले त्याच भागात परत सोडावे, अशी व्यवस्था २०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांत आहे. कानाच्या टोकाला खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे असे समजावे. ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा रीतसर दत्तक घ्यायचा आहे, त्यांना स्थानिक पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दिली आहे. मात्र असा दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याच आदेशाने दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे.

सोडून दिलेला, जखमी, आईपासून तुटलेला किंवा माणसांतच वाढल्यामुळे रस्त्यावर जगता न येणारा कुत्रा असेल, तर मात्र घर शोधायलाच हवे. त्याआधी तो हरवलेला तर नाही ना, याची खात्री करावी. पशुवैद्यकाकडे मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची बारीक चिप) वाचण्याचे यंत्र असेल तर त्याने मान आणि खांदे तपासून घ्यावेत. चिप असल्यास १५ अंकी क्रमांक मिळतो. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि परिसरातील दवाखान्यांत कळवावे, ढाबेवाले, मेंढपाळ, दूधवाले यांना विचारावे आणि किमान आठ-दहा दिवस वाट पाहावी. कारवानी किंवा तत्सम शिकारी अंगाच्या कुत्र्यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे असते, कारण धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा सशामागे धावत मैलोन् मैल लांब जातो आणि त्याचा मालक खरोखरच त्याला शोधत असतो.

दवाखाना आणि विश्रांती

नव्या कुत्र्याला पहिले दोन आठवडे घरातील इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार सुरुवातीला दिसत नाहीत. रक्ततपासणीत गोचीड तापाची चाचणी आवर्जून करून घ्यावी. आपल्याकडे गोचिडांचा उपद्रव मोठा आहे, आणि हा ताप दबून असलेला कुत्रा कित्येक आठवडे शांत, समजूतदार भासतो. आजारपणातला हा शांतपणा स्वभाव समजून जाहिरात केली, की उपचारानंतर त्याच कुत्र्याला पाहून नवे घर हबकते. जंताचे औषध, रेबीजची लस, वयानुसार संयुक्त लसीचे डोस आणि नसबंदी हे सगळे दत्तक देण्यापूर्वीच पूर्ण करावे. ‘नंतर आम्ही करून घेऊ’ या आश्वासनावर नसबंदी न झालेली मादी कोणालाही देऊ नये, हे माझे ठाम मत आहे. पिल्लू फारच लहान असेल तर तारीख लेखी ठरवावी आणि त्या तारखेला आपण स्वतः दवाखान्यात हजर राहावे.

लसीचा इतिहास माहीत नसलेल्या कुत्र्याने दात लावला किंवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लसीकरण सुरू करावे. सतत रेस्क्यूचे काम करणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी.

त्याचा दम मोजावा कसा

‘खूप एनर्जी आहे’ या तीन शब्दांवरून कोणालाच काही कळत नाही. एका वहीत १४ दिवसांची नोंद ठेवावी: तो किती वाजता उठतो, कधी फिरतो, फिरून आल्यावर किती वेळाने आडवा होतो, घरात उच्छाद नेमका कोणत्या वेळी मांडतो आणि त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडलेले असते. सुदृढ प्रौढ कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतो. तुमचा कुत्रा आठ तासच झोपत असेल, तर तो दमदार असण्यापेक्षा अतिथकलेला किंवा धास्तावलेला असण्याचा संभव जास्त आहे, आणि त्याला आणखी पळवून उपयोग होत नाही. अतिथकलेली लहान मुले झोपेआधी जसा दंगा घालतात तसेच हे असते.

भिंगरीच्या नोंदीतून मला दोन गोष्टी कळल्या. सकाळी पाऊण तास मोकळे धावायला मिळाले की ती दुपारी तीनपर्यंत गाढ झोपत असे. मात्र तेवढाच पाऊण तास ती पट्ट्यावर, रहदारीच्या रस्त्याने चालली, तर घरी आल्यावर तिचा दम दुप्पट झालेला असे. दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळी सहाच्या गिरक्यांचे कारण शेजारच्या कुकरच्या शिट्टीत होते. शिट्टी झाली की ती दचकत असे आणि गिरक्या सुरू होत. खिडकी लावून त्या वेळेला तिला चघळायला काही दिले, की निम्मा प्रश्न सुटत असे. असे बारकावे पुढे नव्या घराला सांगता येतात, आणि घर टिकवतात ते हेच बारकावे.

नोंदीच्या जोडीने काही प्रसंग मुद्दाम, सुरक्षित अंतरावरून पाहून घ्यावेत. मांजर, कोंबडी, शेळी दिसल्यावर तो थबकतो की झेपावतो? धावणारे मूल, दुचाकी, काठी हातात घेतलेला वृद्ध माणूस, डबे पोहोचवणारा मुलगा यांच्याकडे कसा पाहतो? जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले तर ताठरतो का? ही पाहणी पट्टा बांधूनच करावी आणि कोणाही प्राण्याला त्यासाठी धोक्यात घालू नये. शिकारी अंगाचा कुत्रा धावत्या गोष्टीमागे जाणारच. ते त्याचे वैगुण्य समजू नये, पण कोंबड्या पाळणाऱ्या घरी त्याला देऊही नये.

घर मिळण्याआधीची तालीम

तात्पुरत्या घरातला एक महिना सत्कारणी लावला, तर दत्तक घेणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते. मी पाच गोष्टींवर भर देते: पट्ट्याला न ओढता चालणे, नाव घेताच वळून पाहणे, गोणपाटावर किंवा चटईवर जाऊन स्वस्थ बसणे, पाय-कान-तोंड तपासू देणे आणि एकटे राहणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. सुरुवात तीस सेकंदांपासून करावी. दाराबाहेर जावे, तो रडायच्या आत परत यावे आणि त्यात काही विशेष नाही असे दाखवावे. मग एक मिनिट, तीन मिनिटे, दहा मिनिटे. ज्या दिवशी तो अस्वस्थ झाला त्या दिवशी एक पायरी मागे यावे. भिंगरीला तीन तास एकटे राहायला शिकवण्यात माझे पाच आठवडे गेले.

शरीराबरोबर डोक्यालाही काम लागते. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे तुकडे लपवून देणे, वाटीत दही गोठवून चाटायला देणे, फिरताना त्याला हवे तिथे थांबून मनसोक्त हुंगू देणे, यांमुळे जी थकावट येते ती तासभर पळवल्यानेही येत नाही. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नये. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी आणि रात्री जमीन निवल्यावरच फिरवावे.

मारझोड, गळ्याला फास बसणारी साखळी, काट्यांचा पट्टा यांचा वापर करणारा प्रशिक्षक बोलावू नये. धाकाने गप्प झालेला कुत्रा शिकलेला नसतो, आणि नव्या घरी धाक सैल पडताच तोच कुत्रा चावण्याची शक्यता वाढते. आणखी एक सूचना: कारवानी, मुधोळ यांसारख्या कुत्र्यांची मान डोक्याइतकीच जाड असल्याने साधा गळपट्टा मागे ओढताच सरळ निघून येतो. त्यांना छातीवरून आणि पोटावरून असे दोन बंद असलेला हार्नेस वापरावा.

जाहिरात: खरे तेच लिहावे

दत्तक देण्याच्या जाहिरातींत सर्रास ‘अतिशय गोड, शांत, सर्वांशी जमवून घेणारा’ असे लिहिलेले असते. दमदार कुत्र्याबद्दल असे लिहिणे म्हणजे चुकीच्या माणसांना बोलावणे आणि बरोबर माणसांना दुसरीकडे पाठवणे होय. ज्याला रोज पहाटे पळायला जोडीदार हवा आहे, तो माणूस शांत कुत्र्याची जाहिरात उघडूनही पाहत नाही. भिंगरीची दुसरी जाहिरात मी अशी लिहिली होती:

‘भिंगरी, मादी, वय सुमारे दीड वर्ष, कारवानी मिश्र, नसबंदी व लसीकरण पूर्ण. रोज सकाळी पाऊण तास सुरक्षित ठिकाणी धावणे आणि संध्याकाळी तासभर चालणे तिला लागतेच; ते मिळाले नाही तर ती घरातील वस्तू फाडते. माणसांवर जीव लावते, रात्री पायाशी झोपते. तीन तास एकटी राहू शकते, त्याहून जास्त नाही. मांजरे, कोंबड्या, शेळ्या असलेल्या घरी देता येणार नाही. दहा वर्षांवरील मुले चालतील; लहान मुलांना ती आनंदाच्या भरात पाडते. घरभेट आणि पंधरा दिवसांचा चाचणी काळ आवश्यक.’

या जाहिरातीला पहिलीच्या तुलनेत चौथा हिस्साच फोन आले, आणि आलेल्यांपैकी बहुतेक जण नीट विचार करूनच फोन करत होते. जाहिरातीसोबत एक उजेडातला, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो, एक धावतानाचा व्हिडिओ आणि एक झोपलेला असतानाचा फोटो द्यावा. झोपेचा फोटो विसरू नये. हा कुत्रा शांतही होतो, हे त्यातून दिसते. आपला पत्ता, घराच्या खुणा आणि ‘मोफत’ हा शब्द जाहिरातीत टाळावा.

फोनवरची चाळणी

पहिल्या फोनवर मी प्रश्न विचारण्याऐवजी एकच विनंती करते: ‘तुमचा कालचा दिवस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मला सांगा.’ ‘तुम्ही कुत्र्याला वेळ द्याल का?’ या प्रश्नाला प्रत्येक जण होच म्हणतो, पण कालचा दिवस सांगताना खोटे बोलणे अवघड जाते. साडेसातला मुलांचा डबा, आठची लोकल, रात्री साडेआठला परत, असा दिवस ऐकला की मी नम्रपणे सांगते की या घरी वयस्कर, निवांत कुत्रा सुखाने राहील, आणि तसा कुत्रा कोणाकडे आहे हेही कळवते. नकार देताना पर्याय दिला तर माणूस दुखावत नाही.

घर मोठे आहे, अंगण आहे, गच्ची आहे, यावर भाळू नये. अंगणात सोडलेला कुत्रा स्वतःहून व्यायाम करत नाही. तो फाटकापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकत राहतो. एका खोलीत राहणारा पण दिवसातून तीनदा बाहेर नेणारा विद्यार्थी, केवळ याच निकषावर पाहिले तर, बंगल्यापेक्षा सरस ठरतो. मात्र त्याच विद्यार्थ्याला दोन वर्षांनी नोकरीसाठी कुठे जावे लागेल, हेही विचारावेच लागते.

काही वाक्ये ऐकली की मी थांबते. ‘राखणीला पाहिजे’ याचा अर्थ बहुधा साखळीला बांधून ठेवणे असा निघतो. ‘शेतावर ठेवू, मोकळा राहील’ हे ऐकायला छान वाटते, पण जुन्नर, शिरूर, आंबेगाव या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि रात्री बाहेर बांधलेला कुत्रा त्याचे सोपे भक्ष्य असतो. शेतावर माणूस राहतो का आणि रात्री कुत्रा कुठे झोपेल, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘मुलाच्या वाढदिवसाला भेट द्यायचा आहे’, ‘एकदा पिल्ले घ्यायची आहेत’, ‘आजच न्यायला येतो’, ‘घरभेट कशाला हवी?’ ही वाक्येही तशीच. ‘आमच्याकडे आधीचा कुत्रा होता’ असे कोणी सांगितले, तर त्याचे पुढे काय झाले हे शांतपणे विचारावे. म्हातारा होऊन गेला, शेवटी सलाईन लावत होतो, असे सांगताना ज्यांचा आवाज जड होतो ती माणसे मला जवळची वाटतात. ‘दिला कोणाला तरी’ असे उत्तर आले की तिथेच थांबते.

उत्तर काहीही असो, पुढील वर्षा-दोन वर्षांचे बेत विचारावेत: लग्न, बाळंतपण, बदली, परदेशवारी, घराचा पुनर्विकास. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारावेच. कुत्रा पुढील दहा-बारा वर्षे जगणार असतो.

भेट आणि घरभेट

पहिली भेट घरात ठेवू नये. मोकळ्या, शांत जागी भेटावे, दोघांनी मिळून कुत्र्याला अर्धा तास चालवावे आणि मग पट्टा समोरच्याच्या हाती द्यावा. कुत्र्याने ओढल्यावर ती व्यक्ती काय करते, हे पाहण्यासारखे असते: हिसका देते, ओरडते, की थांबून वाट पाहते? घरी आधीचा कुत्रा असल्यास तोही याच वेळी, समांतर आणि अंतर ठेवून चालवावा. एकदम नाकाला नाक भिडवू नये. दोन-तीन भेटी झाल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण पहिल्या भेटीत माणसे आणि कुत्रे दोघेही आपले ठेवणीतले वागणे दाखवतात.

घरभेटीला घरातील सर्व माणसे हजर असावीत. आजी-आजोबा, सासू-सासरे आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही विचारावे, कारण दिवसभर कुत्र्यासोबत तीच माणसे असतात. एकाचाही मनापासून विरोध असेल तर ते घर टिकत नाही. गॅलरीला जाळी आहे का, खिडकीच्या गजांमधून डोके जाते का, फाटकाखाली फट किती आहे, जमिनीतली पाण्याची टाकी झाकलेली आहे का, उंदराचे औषध कुठे ठेवले आहे, हे पाहावे. उडी मारणाऱ्या कुत्र्यासाठी कुंपण किमान सहा फूट असावे, आणि त्याला लागून दगडांचा ढीग किंवा पाण्याचे पिंप नसावे. भिंगरीने अशाच पिंपावर पाय ठेवून माझ्या मैत्रिणीच्या घराची भिंत ओलांडली होती.

भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी मागावी. गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे आणि कुटुंबाला ते ठाऊक असावे. पण अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा प्रश्न त्याने सुटत नाही. कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून काढावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो, हेही याच भेटीत सांगून टाकावे.

भिंगरीसाठी तिसऱ्या महिन्यात सासवडहून फोन आला. एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती आणि रोज पहाटे पाच वाजता मैदानावर जात होती. वडील एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. सगळे जुळत होते, पण मला एक प्रश्न विचारणे भागच होते: भरती झाली, ही प्रशिक्षणाला गेली, तर कुत्री कोणाची? मुलगी गप्प झाली. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘ती गेली तर मी आहे की, ताई. पळणं आता जमत नाही, पण सकाळ-संध्याकाळ तासभर चालणं माझं चुकत नाही. आणि मागचा वाडा चारी बाजूंनी बंद आहे, तिथं ती पळेल.’ मी मागचा वाडा पाहिला. भिंत सात फूट होती. कोपऱ्यात एक जुनी सिमेंटची टाकी होती, ती त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत स्वतःहून हलवली आणि मला फोटो पाठवला. माझा निर्णय त्या फोटोने झाला.

ताबा देताना

आधी पंधरा दिवसांचा चाचणी काळ ठेवावा आणि तोवर कुत्र्याची कायदेशीर जबाबदारी आपली आहे असे लेखी नमूद करावे. त्यानंतरच्या हमीपत्रात पुढील बाबी असाव्यात: कुत्रा घरात राहील, साखळीने बांधला जाणार नाही, त्याच्यापासून पिल्ले घेतली जाणार नाहीत, लसीकरण दरवर्षी होईल, पत्ता बदलल्यास कळवले जाईल, आणि कोणत्याही कारणाने सांभाळणे अशक्य झाल्यास तो तिसऱ्या कोणाला न देता आपल्याकडेच परत येईल. प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड ५० रुपयांपर्यंतच असल्याने कायद्याच्या धाकावर विसंबू नये. हमीपत्राचा खरा उपयोग असा, की सही करताना माणूस प्रत्येक अट मोठ्याने वाचतो आणि नको असलेली अट तिथेच बोलून दाखवतो. ओळखपत्राची प्रत घेतली तर ती जपून ठेवावी, कोणत्याही गटात पाठवू नये.

दिवस निवडताना पंचांगाकडेही पाहावे. दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत आणि गणेशोत्सवात कुत्रा नव्या घरी देऊ नये. अनोळखी घर आणि फटाके किंवा ढोल-ताशा एकत्र आले, की घाबरलेला कुत्रा दारातून निसटतो आणि परतीची वाट त्याला ठाऊक नसते. शुक्रवारी संध्याकाळी ताबा द्यावा, म्हणजे शनिवार-रविवार घरात माणसे असतात. सोबत लसीकरणाची पुस्तिका, सध्याचे अन्न दहा दिवस पुरेल इतके, हार्नेस, नाव आणि फोन क्रमांक कोरलेला बिल्ला आणि त्याचे जुने, न धुतलेले गोणपाट द्यावे. न धुतलेले असणे महत्त्वाचे, कारण ओळखीचा वास त्यातच असतो. ती १४ दिवसांची वहीही द्यावी.

निरोप लांबवू नये. आपण रडलो तर कुत्र्याला घराबद्दल शंका येते.

नंतरचे तीन महिने

रेस्क्यूच्या कामात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब धरला जातो. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो: खात नाही, कोपऱ्यात बसतो किंवा उलट एक क्षणही थांबत नाही. या काळात पाहुणे, अंघोळ, बाजारपेठ, नवे मित्र सगळे टाळावे आणि बंद कुंपणाबाहेर पट्टा अजिबात सोडू नये. तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, आणि नेमक्या याच सुमारास खरा दम वर येतो. ‘आधी किती शहाणा होता’ अशा तक्रारीचे फोन याच काळात येतात. ते येणार हे आधीच सांगून ठेवले असेल तर घर खचत नाही. तीन महिन्यांनी तो घराला आपले मानू लागतो. काही कुत्र्यांना याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

मी पहिल्या आठवड्यात रोज एक फोन करते, पुढे आठवड्यातून एकदा, आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष भेट देते. ‘ठीक आहे ना?’ असे विचारल्यास ‘ठीक आहे’ इतकेच उत्तर मिळते. म्हणून ‘काल रात्री कुठे झोपली?’, ‘शेवटचे काय फाडले?’, ‘शी कशी होते?’ असे नेमके विचारावे. अडचण असेल तर प्रशिक्षकाचा पहिला खर्च आपण उचलण्याची तयारी ठेवावी. दुसऱ्यांदा घर शोधण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो.

आणि घर जमले नाही, तर कुत्रा परत घ्यावा, विनातक्रार घ्यावा. परत देणाऱ्या माणसाला अपराधी ठरवले, की पुढचा माणूस परत न देता रस्त्यावर सोडतो. त्यांच्याकडून पंधरा मिनिटे बसून सगळे ऐकून घ्यावे: काय बिघडले, कोणत्या वेळी, काय केल्यावर थोडे बरे वाटले. भिंगरी दिवसभर एकटी राहू शकत नाही, हे मला पहिल्या घरानेच सांगितले होते.

चाचणी काळ संपल्यावर भिंगरीच्या चिपच्या नोंदीतील माझे नाव आणि क्रमांक बदलून सासवडच्या काकांचे टाकले. हे काम बहुतेक जण विसरतात आणि मग हरवलेल्या कुत्र्याचा फोन चुकीच्या माणसाला जातो. मुलगी पुढे भरती झाली आणि प्रशिक्षणाला गेली. आता काका पहाटे पाचला भिंगरीला घेऊन त्याच मैदानावर जातात, आणि ती दहा मीटरच्या लांब पट्ट्यावर त्यांच्याभोवती गोल धावते.